कुंड्या कोणाच्या?

आमच्या गावाच्या नावातच सडक आहे. जिल्ह्यात अर्जुनी दोन. एक अर्जुनी मोरगाव, दुसरी आमची सडक अर्जुनी. मुंबई-कोलकाता महामार्ग उशाशी असलेल्या माणसांनी घरापुढच्या बारा फुटांसाठी भांडू नये, असे आपल्याला वाटेल. आपण अजून मोटार घेतलेली दिसत नाही.

मी बँकेतला कारकून. कर्ज काढून जुनी मोटार घेतली, तेव्हा फॉर्मवर पगार, जामीनदार, विमा असे सगळे विचारले होते. गाडी ठेवणार कुठे, हे मात्र कोणी विचारले नाही. जपानात १९६२ सालापासून त्यासाठी कायदा आहे. आधी जागा दाखवा, मग गाडी घ्या. आपल्याकडेही २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाने सुनावले होते, की केवळ ऐपत आहे म्हणून लोकांना चार-पाच गाड्या घेऊ देऊ नका, जागा आहे का ते पाहा. पण ते चार-पाच गाड्यांचे झाले. माझी एकच. म्हणजे मी निर्दोष.

ती मी समोरच्या गुरुजींच्या दारापुढे, निंबाच्या सावलीत लावू लागलो. तिसऱ्या दिवशी तिथे दोन धोंडे! मी तडक गेलो.

"गुरुजी, सडक सरकारची आहे. दारापुढे आहे म्हणून ती तुमची होत नाही."

"चाळीस वर्षं झाले, धान इथंच वाळवतो मी," गुरुजी शांतपणे म्हणाले. "तुमची गाडी तं कालची हाय."

एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे आपण लोक. पण चाळीस वर्षे टिकलेला रुमाल मी प्रथमच पाहिला. मुकाट्याने गाडी माझ्या दारापुढे आणली. मी बँकेत गेलो की तिथे दुसऱ्यांच्या फटफट्या लागत, म्हणून चार कुंड्या मांडल्या. रात्री गाडी भिंतीकडे आणि तिला कोणी घासू नये म्हणून कुंड्या सडकेकडे, अशी व्यवस्था. एकदा एकाने कुंडी सरकवलेली पाहून मी ओट्यावरूनच ओरडलो, "दिसत नाही का? माझ्या घरापुढची जागा आहे!"

आतून सौ. म्हणाली, "अन् सरकारची सडक ती कोणती हो?"

मी पेपर तोंडापुढे धरला. गंमत अशी, की दोन्ही वेळा मी अगदी मनापासून बोललो होतो. लबाड माणसाला निदान आपली लबाडी ठाऊक असते. तत्त्वनिष्ठाला तीही सोय नाही.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री दीड वाजता गुरुजींच्या बाईंना दम लागला. १०८ ची गाडी आली आणि आमच्या दोघांच्या दारांमध्ये अडली. एकीकडे धोंडे, दुसरीकडे कुंड्या. चालक खाली उतरून ओरडला, "कोनाच्या हो ह्या कुंड्या?"

सहा महिने गावाला 'माझी जागा' ऐकवणारा मी गप्प उभा होतो. गुरुजीही धोंड्यांकडे पाहत नव्हते. शेवटी कुंड्या गुरुजींच्या मुलाने उचलल्या, धोंडे मी. बाई चार दिवसांनी चालत घरी आल्या, म्हणून हे हसत लिहिता येते.

बँकेत ज्या रकमेचा धनी सापडत नाही, ती आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो. सडकेचे तसेच आहे. जमा करायची म्हटली की धनी शंभर. नावे टाकायची वेळ आली की एकही नाही. माझ्यापुरता हिशेब मी त्या रात्री मिटवला. रात्री दीड वाजता "कोणाचे हो हे?" असे कोणी विचारले, तर ज्याला 'माझे' म्हणायची हिंमत होईल तेवढेच आपले.

कुंड्या आता ओट्यावर आहेत. गाडी भिंतीला इतकी खेटून लावतो, की उतरायला मला दुसरे दार लागते. गुरुजींनी धोंडे काढले. धान निघाले की ते सडकेवर पसरतातच, पण आता गाड्यांपुरती वाट सोडून. परवा त्यांनी पायलीभर नवा तांदूळ पाठवला. हा जमेला घ्यावा की नावे टाकावा, असा विचार मी करीत होतो, तोवर सौ.ने तो शिजत टाकला.