शिष्य करणे आणि शिष्य होणे

बंगळुरूच्या शिवाजीनगरात ८ सप्टेंबरला मेरीमातेचा रथ निघतो. सेंट मेरीज बॅसिलिकाच्या टोकदार कमानींखालची ही माता साडी नेसते. तिच्या दर्शनाला भगवी वस्त्रे नेसून भाविक येतात. ख्रिस्ती येतात, तसे इतर धर्मांचेही येतात. मुंबईकराला वांद्र्याची मोतमाउली आठवावी, असा हा सोहळा. मला मात्र इथे आबे द्यूब्वा हा फ्रेंच पाद्री आठवतो. शिवाजीनगर ब्लॅकपल्ली म्हणून ओळखले जायचे, त्या काळात इथल्या पहिल्या प्रार्थनामंदिराशी त्याचे नाव जोडले गेले. आजची वास्तू १८८२ची, बॅसिलिकाचा मान १९७४चा. यातले काहीच त्याने पाहिले नाही. तो भारतातून गेला तो हताश होऊन.

द्यूब्वा १७९२ मध्ये फ्रान्समधून निघाला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये विल्यम कॅरी या चांभारकाम केलेल्या धर्मोपदेशकाने एक छोटेसे पुस्तक छापले. त्यातला प्रश्न जुना होता. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी येशू आपल्या अकरा शिष्यांना सांगतो की सगळ्या राष्ट्रांत जा, लोकांना माझे शिष्य करा. ही आज्ञा नेमकी कोणाला? ती त्या अकरा जणांपुरती होती आणि त्यांच्याबरोबरच पुरी झाली, असे कॅरीच्या आसपासचे अनेक प्रॉटेस्टंट मानत. आज्ञेतला बाप्तिस्मा आपण अजून पाळतो, मग जाणे तेवढे कसे सुटले, असा कॅरीचा सवाल होता. त्यातून मिशनरी संस्था उभ्या राहिल्या. पुढे कॅरी बंगालमध्ये आला आणि श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी व्याकरण व नवा करारही निघाला. कॅथलिकांना जाण्याविषयी शंका कधी नव्हतीच. फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात १६१६ मध्येच छापले गेले होते.

प्रश्न होता तो गेल्यानंतर करायचे काय हा. द्यूब्वाने त्यासाठी स्वतःला बदलून घेतले. इथला वेश, इथले जेवण, इथली भाषा. श्रीरंगपट्टण पडल्यावर विखुरलेल्या ख्रिस्ती कुटुंबांना त्याने पुन्हा एकत्र आणले, शेतीची गावे वसवली, देवीची लस गावोगाव पोचवायला मदत केली. हिंदूंच्या चालीरीतींवरचा त्याचा ग्रंथ कंपनी सरकारने विकत घेतला. एवढे करून १८२३ मध्ये तो परतला आणि त्याची पत्रे प्रसिद्ध झाली. हिंदूंचे धर्मांतर होणे नाही, हा त्यांचा सूर. त्याने प्रामाणिक हिशेब मांडला होता, पंचवीस वर्षांत दोनशे ते तीनशे माणसे. इंग्रज मिशनऱ्यांनी त्याला चिडून उत्तरे दिली.

ती उत्तरे देणारे आणि द्यूब्वा एका गोष्टीवर एकमताचे होते. शिष्य मोजता येतात, हे दोघांनीही धरून चालले होते. त्या आज्ञेचा अर्थ नोंदवहीतल्या नावांपाशी येऊन थांबला होता. मराठी मनाला हे खटकायला हवे. आपल्याकडे ‘शिष्य’ हा शब्द फार भारी आहे. बहिणाबाईंना तुकोबांनी स्वप्नात उपदेश केला, त्यासाठी कोणी त्यांना गाठायला गेले नव्हते. ओढ आधी शिष्याच्या मनात लागते.

नारायण वामन टिळकांची गोष्टही अशीच आहे. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी युरोपियनाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनापाशी टिळक अडले, ते कायमचे. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या प्रवाशाचे नाव त्यांना शेवटपर्यंत कळले नाही. आयुष्यभर राबलेल्या द्यूब्वाला आपले काम फुकट गेले असे वाटले आणि एका अनामिकाच्या हातून मराठी ख्रिस्ती भक्तीचा सर्वांत मोठा कवी घडला. टिळकांनी पुढे सांगितले की ते ख्रिस्तापाशी आले ते तुकोबांच्या पुलावरून. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांना त्यात जागा होती. दोन वर्षांत ते वारले आणि दरबार फार वाढला नाही. पण शिष्यत्व नोंदवहीपेक्षा मोठे असते, हा विचार मराठीत रुजून गेला.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तो विचार स्वतः जगून पाहिला. नवऱ्याच्या बाप्तिस्म्याने त्यांचा संसार मोडला, सोवळे-ओवळे आणि प्रेम यांच्या ओढाताणीत त्यांची पाच वर्षे गेली. टिळकांना त्यांना ओढून नेता आले नसते. १९०० मध्ये त्या ख्रिस्ताकडे आल्या त्या स्वतः विचार करून, माणसामाणसांतला भेद देवाने केलेला नाही हे पटल्यावर. त्यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हे घडताना दिसते.

म्हणून मला त्या आज्ञेचे मूळ ग्रीक व्याकरण महत्त्वाचे वाटते. जाऊन, बाप्तिस्मा देऊन, शिकवून ही तिथली जोड रूपे आहेत. आज्ञार्थी क्रियापद एकच आहे, शिष्य करा. जाणे हे साधन आहे, पाण्याचा विधी ही खूण आहे. आणि ज्यांना हे सांगितले ते अकरा जण स्वतः अजून शिकत होते, त्यांतले काही तर त्या क्षणीही शंकेत होते, असे मत्तयच लिहून ठेवतो. शिष्याने शिष्य करायचा आहे, मालकाने नव्हे. आपल्या राज्यघटनेचे पंचविसावे कलम धर्मप्रसाराचा हक्क देते. दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये म्हटले. या निकालाने अनेक ख्रिस्ती मने दुखावली. मला त्यातून टिळकांच्या दरबाराची वाट पुन्हा दिसते. आपण सांगावे, जगून दाखवावे, पुढचे पाऊल ज्याचे त्याने टाकावे.

शिवाजीनगरच्या रथामागे चालणाऱ्यांतले किती जण ख्रिस्ताचे, हे कोणी मोजत नाही. द्यूब्वाच्या वहीत यांतली बरीच नावे आली नसती. पण टोचलेल्या लशीने वाचलेली मुलेही त्या वहीत नव्हतीच. शुभवर्तमानात आजाऱ्याची सेवा ख्रिस्ताची सेवा म्हणून धरली जाते. ज्या कामाला तो अपयश समजला, तेच त्याचे खरे शिष्यत्व होते, असे मला या रथामागे चालताना वाटत राहते.