आकाशातली अनोळखी वस्तू : धारकर आणि देवासकर यांचा संवाद

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, पश्चिम मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राच्या आकाशातून पेटत्या तुकड्यांची एक रांग सरकत गेली. धार जिल्ह्याला लागून असलेल्या झाबुआ आणि बडवानीत लोकांनी ती पाहिली, मोबाइलवर टिपली. उज्जैनच्या जिवाजी वेधशाळेतून पहिला अंदाज आला तो उल्कांचा. मात्र चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावी, दोन-तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडलेले सापडले, आणि उल्केची गोष्ट मागे पडली.

अनोळखी दृश्याचा अर्थ लावताना दोन भूमिका हटकून समोर येतात. माळव्यातल्या पवारांच्या दोन जुन्या राजधान्यांवरून त्यांना इथे नावे दिली आहेत. धारकर परग्रहाची शक्यता सोडायला तयार नाहीत. देवासकर आधी पुरावा मागतात.

धारकर : कडं हाती लागलं, तेव्हा पाडव्याचा प्रश्न मिटला. पण अंतराळयानातून घेतलेल्या चित्रफितींचं काय? सप्टेंबर १९९१ मध्ये डिस्कव्हरी यानाच्या कॅमेऱ्यात एक ठिपका संथपणे चाललेला दिसतो. मध्येच उजेड चमकतो आणि ठिपका झटकन दिशा बदलून निघून जातो. कचरा असा वळतो का?

देवासकर : ढकलला तर वळतो. यानाचा रोख सांभाळायला लहान इंजिनं क्षणभर पेटतात. ती चमक त्यांची. त्यांच्या झोतात आलेला बर्फाचा कण फेकला जातो. तुम्ही तो कण शेकडो किलोमीटर लांब धरलात, म्हणून त्याचा वेग अचाट वाटला. काळ्या आकाशात अंतर जोखायला काही खूणच नसते.

यानाभोवती अशा कणांची कायम वर्दळ असते : बाहेर सोडलेल्या पाण्याचा बर्फ, रंगाचे पापुद्रे, उष्णतारोधक आवरणाच्या चिंध्या. झरोक्यातून आलेल्या तिरिपेत धूळ दिसावी तसे हे कण ऊन पडताच उजळतात. फेब्रुवारी १९६२ मध्ये जॉन ग्लेन यांना यानाबाहेर काजव्यांसारखे ठिपके दिसले, तेव्हा ते काय आहेत हे कुणालाच सांगता येईना. त्याच वर्षी मे महिन्यात स्कॉट कार्पेंटर यांनी आपल्या यानाची भिंत आतून ठोकली, आणि बाहेर ठिपक्यांचा नवा थवा उडाला. बाहेरच्या पत्र्यावर साचलेले हिव झडत होते. या साऱ्या इतिहासात ही कृती फार मोलाची आहे, कारण कार्पेंटर नुसते पाहत राहिले नाहीत, त्यांनी ठोकून पाहिले.

धारकर : तुमच्याकडे दर वेळी उत्तर तयार असतं, हीच माझी अडचण. उद्या खराच परका आला तरी तुम्ही त्याला बर्फ म्हणाल.

देवासकर : आक्षेप रास्त आहे. बर्फ हे उत्तर नेहमीचं आहे, एवढ्यावर ते खरं ठरत नाही. इंजिन पेटल्याची नोंद आणि चमक यांची वेळ जुळायला हवी, उन्हाचा कोन जुळायला हवा. नाही जुळला तर मला माझं म्हणणं मागे घ्यावं लागेल. पाडव्याचंच बघा. अग्निबाणांच्या नोंदी ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितलं की, हा फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी लाँग मार्च ३-बी अग्निबाणाचा तिसरा टप्पा. त्या वेळी तो टप्पा दुसऱ्याच खंडावर असता, तर त्यांचं विधान तिथंच कोसळलं असतं. तुमचं विधान कशानं कोसळेल, तेवढं सांगा.

धारकर : पुरावाच दडवून ठेवला असेल तर?

देवासकर : तुमच्या धारच्या भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधारा’त पाऱ्याच्या बळावर उडणाऱ्या लाकडी पक्ष्याचं वर्णन आहे. त्याची सगळी घडण मुद्दाम गुप्त ठेवली आहे, असंही ग्रंथ सांगतो. एवढ्यावरून तो पक्षी उडाला होता असं तुम्ही म्हणाल का? पुरावा का नाही, याचं कारण दडवादडवीत मिळतं. पुरावा काही मिळत नाही.

यावर धारकरांचे उरलेले म्हणणे मात्र या वादातले सर्वांत वजनदार आहे. ‘कचरा’ म्हटले की पाहणे थांबते, असे ते म्हणतात. कोलंबिया यानाच्या बाबतीत नेमका हाच धोका दिसला. उड्डाणाच्या दुसऱ्या दिवशी, १७ जानेवारी २००३ रोजी, एक लहान वस्तू यानापासून सुटून दूर गेली. रडारच्या नोंदीत ती होती. पण तिच्याकडे लक्ष गेले ते अपघातानंतर. १ फेब्रुवारीला यान परतीच्या वाटेवर फुटले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. ती वस्तू डाव्या पंखाच्या फुटलेल्या कडेचा तुकडा असावी, असा तपासाचा कल होता. सप्टेंबर २००६ मध्ये अटलांटिस यानाजवळ अनोळखी वस्तू तरंगताना दिसल्या, तेव्हा उतरणे एक दिवस पुढे ढकलून यान कॅमेऱ्यांनी तपासले गेले. त्यांपैकी एक बहुधा प्लॅस्टिकची पट्टी होती. यान सुखरूप उतरले.

देवासकर : मग कचरा हा शब्द तपासाच्या शेवटी यावा, सुरुवातीला नको. हे मला मान्य.

धारकर : आणि तपास झाला, तरी ज्याच्या शेतात कडं पडलं त्याला काय मिळणार?

ओळख पटण्याचे महत्त्व इथे कळते. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अवकाशातून पडलेल्या वस्तूमुळे जमिनीवर नुकसान झाले, तर उड्डाण करणाऱ्या देशाची चूक सिद्ध न करताही त्याच्याकडून भरपाई मागता येते. त्यासाठी वस्तू कोणाची, हे आधी ठरावे लागते. पाहणाऱ्याने टिपलेली वेळ, दिशा आणि दृश्याचा कालावधी त्या कामी येतात. उल्का बहुधा काही सेकंदांत विझते. कक्षेतून उतरणारा अग्निबाणाचा भाग जवळजवळ आडवा, तुटत तुटत, मिनिटभर किंवा त्याहूनही जास्त वेळ दिसत राहतो.