हवेची घडी

पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर धडधडत सुरू होतो, टाकीवरचा काटा चढत जातो आणि ठरलेल्या आकड्याला यंत्र खट्‌कन थांबते. लहानपणी वाटायचे, आत हवा तयार झाली. ती तयार होत नाही. भोवतालचीच हवा घडी घालून आत ठेवलेली असते. तापमान तेच ठेवून हवेची जागा निम्मी केली की दाब दुप्पट होतो, हा हिशेब रॉबर्ट बॉइलने १६६२ साली मांडला. कॉम्प्रेसर बनवणाऱ्या कारखान्याच्या वाढीकडे पाहताना मला हा हिशेब टाळता येत नाही.

त्या टाक्यांवर ‘एल्गी’ हे नाव पुष्कळदा दिसते. कंपनी कोइमतूरची, १९६० सालची. आपल्या हडपसरच्या किर्लोस्कर न्यूमॅटिकपेक्षा दोन वर्षांनी धाकटी. कोइमतूर हे सूतगिरण्यांचे गाव. गिरण्यांची यंत्रे सांभाळता सांभाळता तिथले कारागीर पंप आणि मोटारी घडवू लागले. २०१० नंतरच्या दशकात ही कंपनी देशाबाहेर पसरली : २०१२ साली इटलीतील रोटेअर आणि अमेरिकेतील पॅटन्स, २०१८ साली ऑस्ट्रेलियातील पल्फर्ड. ही वाढ नकाशावर दिसते, ताळेबंदातही दिसते. पण माझे मन २०१९ पाशी अडते. त्या वर्षी तिला जपानचा डेमिंग पुरस्कार मिळाला. १९५१ पासून दिला जाणारा हा पुरस्कार एखाद्या सुबक यंत्राला मिळत नाही. संपूर्ण संस्था काम कसे करते, चुकीच्या मुळाशी कशी जाते, हे तिथे तपासतात. माल बिघडला की कामगाराकडे बोट दाखवू नका, आधी कामाची रीत तपासा, असे ज्यांच्या नावाचा हा पुरस्कार आहे ते डेमिंग सांगत. हे ऐकायला सोपे आहे. पाळायला वर्षे जातात.

ती वर्षे कुठे मुरतात, हे स्क्रू कॉम्प्रेसरच्या पोटात दिसते. पिळाचे दोन रोटर एकमेकांत गुंतून फिरतात आणि मधली हवा पुढे ढकलत दाबत नेतात. स्वीडनच्या आल्फ लिशोल्मने १९३०च्या दशकात हे यंत्र कामाचे केले. रोटरांमधली फट मिलिमीटरच्या शतांशांत मोजावी लागते. दाबलेली हवा त्या फटीतून मागे निसटते आणि तीच पुन्हा दाबावी लागते. कॉम्प्रेसर जेवढी वीज ओढतो, तिच्यातली बहुतेक उष्णता होऊन जाते. दहा वर्षे चाललेल्या यंत्राचा खर्च मांडला तर खरेदीची किंमत विजेच्या बिलापुढे किरकोळ ठरते. म्हणून इथला कारागीर आपली प्रगती कमी झालेल्या गोष्टींत मोजतो : फट किती घटली, उष्णता किती घटली, परत आलेला माल किती घटला. कारखान्याचे वय मोजायची याहून प्रामाणिक रीत मला माहीत नाही.

ग्राहकाच्या दारी मात्र हे सारे कष्ट एका ढिल्या जोडातून निघून जाऊ शकतात. पुण्याजवळच्या भोसरीत कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. शेडमधली यंत्रे गप्प झाली की एरवी न ऐकू येणारी सिसकारी कानावर येते. फिटर साबणाचे पाणी आणि ब्रश घेऊन पाइपाच्या कडेने जातो, एकेका जोडावर ब्रश फिरवतो. एका ठिकाणी बुडबुडा धरतो, फुगतो, चांगला लिंबाएवढा होतो. फिटर पाना लावतो, पाव फेरा आवळतो, पुन्हा साबण फिरवतो आणि वाट पाहत उभा राहतो.