डिपर तुझ्या हातानं दे

परवा रात्री तुझ्या शेजारी बसलो होतो तेव्हा फार बोललो नाही. गाडी हाकणाऱ्याशी रस्त्यात वाद घालू नये, हे मी पाळतो. आता घरी आलायस, तर बस खाली आणि ऐक.

ताकारीच्या पुढं समोरून उसाच्या बैलगाड्या आल्या. सहा होत्या, मी मोजल्या. तुझा अप्पर तसाच. "डिपर दे" म्हणालो, तर तू म्हणालास, "सर, ऑटो आहे, गाडीच देते." गाडीनं दिला नाही. पहिल्या गाडीचा बैल बिचकून साइडपट्टीखाली उतरला, जू तिरकं झालं. वर उसावर बसलेल्या बाईनं पोराला कवटाळलं. तुला ती दिसली तरी का? अप्पर लागलाय हे सांगणारा निळा दिवा तुझ्या नाकासमोर पेटलेला होता, तोही तू पाहिला नाहीस.

आठवीत तुला प्रकाश मी शिकवलाय, म्हणून जास्त राग येतो. आरशामागं काचेला चिकटलेला तो ऑटोचा कॅमेरा शोधतो काय? समोरून येणारे पांढरे दिवे आणि पुढं चाललेल्या गाडीचे तांबडे दिवे. ते सापडले की अप्पर उतरवतो. बैलगाडीला कुठला दिवा? फडावरून परतणाऱ्या बाईला, दिवा नसलेल्या सायकलवरच्या पोराला कुठला दिवा? ज्याच्याजवळ दिवा नाही तो त्या कॅमेऱ्याच्या हिशेबात बहुतेक वेळा नसतोच. आणि तुझ्या अप्परचा झोत सगळ्यात जास्त त्यालाच लागतो, कारण त्याचे डोळे अंधाराला सरावलेले असतात. माणसाचा डोळा अंधाराला पुरता सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. तू ती कमाई क्षणात घालवतोस. बैलाच्या डोळ्यात तर पडद्यामागं चकाकणारा थर असतो, थोडक्या उजेडात दिसावं म्हणून. त्या डोळ्यावर तू काय सोडलंस, विचार कर.

समोरचा मोटारवाला असला तरी सुटका नाही. ताशी 70 म्हणजे सेकंदाला 19 मीटर. तीन सेकंद तो दिपला, की 58 मीटर आंधळा आला.

आता चढाचं सांगतो. चढापलीकडून ट्रक येत असला तर आधी तारांवर, झाडांच्या शेंड्यांवर उजेड चढतो. घाटाच्या वळणावर तो कातळावर पसरतो. जुना ड्रायव्हर तेवढ्या चाहुलीवर डिपर देतो, दिवा दिसायची वाट बघत नाही. तुझ्या कॅमेऱ्याला मात्र दिवाच लागतो. तो दिसेपर्यंत समोरच्याच्या डोळ्यांत तुझा झोत गेलेला असतो. हायवेवर दुभाजकात कण्हेर दाट असली, की ट्रकचे दिवे झाडीमागं लपतात, पण केबिनमधला माणूस उंचावर बसलेला असतो. तुझ्या गाडीला वाटतं, पलीकडं कुणी नाही. नदीकाठच्या धुक्यात, पावसात, चिखलानं माखलेल्या काचेतून तर कॅमेऱ्याचं आणखी चुकतं. कधी चकाकणाऱ्या पाटीलाच दिवा समजून तो मोकळ्या रस्त्यावर उजेड काढून घेतो.

ही युक्ती नवी आहे असंही समजू नकोस. जनरल मोटर्सनं 1952 साली डॅशबोर्डवर प्रकाश ओळखणारी नळी बसवून ऑट्रॉनिक आय विकायला काढली होती. आजचा कॅमेरा तिच्याहून पुष्कळ हुशार आहे, ते मी नाकारत नाही. निर्मनुष्य हायवेवर तो उपयोगी पडतो. पण गाडीसोबत पुस्तक मिळालंय ना? अशा पुस्तकांत लिहिलेलं असतं, की ही सोय मदतीपुरती आहे, दिव्यांची जबाबदारी चालवणाऱ्याची. बऱ्याच गाड्यांत ती ताशी तीस-चाळीसच्या खाली चालतही नाही. तू पुस्तक उघडलंस का? गाडीला लाखो रुपये मोजलेस आणि दहा पानं वाचायला वेळ नाही?

"सगळेच असं चालवतात" म्हणू नकोस. सगळ्यांना मी शिकवलेलं नाही. गळीत हंगाम आहे, मार्चपर्यंत रात्रभर ह्या रस्त्यावर गाड्या, डबल ट्रॉल्या, पायी माणसं असणार. गाड्या-ट्रॉल्यांच्या मागच्या बाजूला कारखान्यानं चिकटवलेला तांबडा कागद तुझा उजेड पडल्यावरच चमकतो. समोरून तर तेवढंही नसतं. त्यांना बघायचं काम तुझं आहे. ते गाडीवर ढकललंस, ही मला चूक वाटत नाही, बेपर्वाई वाटते.

रविवारी संध्याकाळी सातला ये. काच आतून-बाहेरून पुसून आण, आरशामागची जागा विसरू नकोस. ऑटो बंद करायचं. ताकारीपर्यंत जाऊन परत येऊ. स्टिअरिंगजवळची दांडी तू हलवायची, समोरून बैलगाडी येवो की चालतं माणूस. कितींना वेळेवर डिपर दिलास, ते मी शेजारी बसून मोजणार आहे.