आशीर्वाद : उक्ती आणि कृती

विवाहविधीतील स्वीकारोक्ती हे वर्णन नसून कृतीच होय, हे जे. एल. ऑस्टिन यांचे प्रतिपादन सुपरिचित आहे. 'फिदुचिया सुप्लिकान्स' (१८ डिसेंबर २०२३) या रोमन कॅथलिक घोषणापत्राची अडचण तेथेच सुरू होते. समलिंगी संबंधांना आशीर्वाद देण्याचा अधिकारच चर्चला नाही, असे व्हॅटिकनने २०२१ मध्ये म्हटले होते. आता समलिंगी जोडप्याला आशीर्वाद देता येतो. मात्र ठरीव विधी नको, विवाहाचा पोशाख नको, विवाहाचे शब्दही नकोत. विवाह स्त्री-पुरुषांचाच, ही शिकवण अबाधित. आशीर्वाद म्हणजे संमती नव्हे, कृपेची याचना, हा युक्तिवाद पोकळ नाही. परंतु आशीर्वाद संबंधाला नव्हे, तो एकत्र मागणाऱ्या व्यक्तींना, असा खुलासा पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२४ मध्ये केला. त्यातील 'एकत्र' हा शब्द गाळता येत नाही, आणि त्याचा अर्थ मात्र सांगितलेला नाही.