वेळेचं गणित आधी कागदावर



कोड बोर्डावर रात्रभर सुरळीत चालला, आता शेड्यूलिंगची काळजी नको ना, असं तू विचारलं आहेस. काळजी हवी. चाचणीत जे घडलं तेवढंच दिसतं. वाईटात वाईट काय घडू शकतं, ते कागदावरच्या मॉडेलमध्येच सापडतं.

तीन टास्क घे. पहिलं दर 10 मिलिसेकंदांनी येतं आणि 4 मिलिसेकंद चालतं. दुसरं दर 20 ला, 5 चालतं. तिसरं दर 50 ला, 8 चालतं. जे वारंवार येतं त्याची प्रायॉरिटी वरची. सीपीयूचा वापर झाला 81 टक्के. लियू आणि लेलँड यांनी 1973 साली सिद्ध केलेली तीन टास्कची सुरक्षित मर्यादा सुमारे 78 टक्के आहे. म्हणून लगेच हात टेकू नकोस. मर्यादेच्या आत असलीस तर निर्धास्त राहा, बाहेर गेलीस तर नेमकं मोजायला बस.

तिन्ही टास्क एकाच क्षणी आली, असं धर. टास्क बदलण्यात जाणारा वेळ तूर्त सोडून दे. तिसऱ्याला 9 ते 10 हा एक मिलिसेकंद मिळतो, मग 14 ते 20 आणि शेवटी 29 ते 30. आठ मिलिसेकंदांचं काम तिसाव्याला संपतं. मुदत पुढच्या पाळीपर्यंतची, म्हणजे 50 ची; जमलं.

पण यात टास्क एकमेकांसाठी अडत नाहीत, हे गृहीत आहे. 4 जुलै 1997 रोजी मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान पुढे पुन्हा पुन्हा रीसेट होऊ लागलं, ते याच अडण्यामुळे. हवामानाच्या नोंदींचं खालच्या प्रायॉरिटीचं टास्क म्युटेक्स, म्हणजे एका वेळी एकाच टास्कला मिळणारं कुलूप, धरून होतं, माहितीची बस सांभाळणारं वरचं टास्क त्यासाठी खोळंबलं होतं आणि मधल्या प्रायॉरिटीचं काम खालच्याला पुढे सरकू देत नव्हतं. अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या यंत्रणेत तोच प्रकार घडवून पाहिला आणि त्या म्युटेक्सचं प्रायॉरिटी इनहेरिटन्स चालू केलं. म्युटेक्स धरणाऱ्याला तेवढ्यापुरती वरच्याची प्रायॉरिटी मिळू लागली आणि रीसेट थांबले.

तेव्हा तुझ्या तक्त्यात आणखी एक रकाना घाल: खालचं टास्क म्युटेक्स जास्तीत जास्त किती वेळ धरतं. तो वेळ वरच्याच्या हिशेबात मिळव. सरासरी आकडे लिहू नकोस, कमाल वेळच लिही. हा तक्ता पूर्ण झाल्याशिवाय कोड पुढे पाठवू नकोस.

तुझा मामा