कवच आणि अस्थी

पावसाळ्यात येळ्ळूर-वडगावच्या भातशेतीत, बांधाच्या कडेला, कधी कधी खेकड्याचे रिकामे कवच सापडते. नांग्या, पाय सारे जागच्या जागी. आत मात्र कोणी नाही. लहानपणी आम्हांला तो मेलेला खेकडा वाटे. वस्तुतः तो मेलेला नसतो, वाढलेला असतो.

खेकड्याचा सांगाडा अंगाबाहेर असतो. कायटिन आणि चुन्याचे क्षार यांचे हे कवच त्याचे रक्षण करते, त्याला आकार देते. त्याचे स्नायूही आतून त्यालाच जोडलेले असतात. परंतु एकदा कठीण झालेले कवच वाढत नाही. मग त्याखाली नवे मऊ आवरण तयार होते, खेकडा पाणी शोषून फुगतो, जुने कवच मागील बाजूने उकलते आणि तो मागे सरत बाहेर पडतो. नवे कवच कठीण होईतो तो दडून राहतो. वाढीचे दिवस हेच त्याचे सर्वांत असहाय दिवस.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाला उपमा दिली आहे ती कासवाची. कासवाची पाठही कठीणच. पण ती त्याच्याच फासळ्या व मणके यांची बनलेली असते. ती देहाबरोबर वाढते. तिच्यातून त्याला बाहेर पडता येत नाही.

प्रश्न असा, की आपण सीमाभागातील मराठी माणसे ज्याला आपले कवच म्हणतो, ते यांपैकी कोणते?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव-निपाणी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. तेव्हापासून आपण भाषेभोवती अभिमानाचे आणि दुखावलेपणाचे आवरण चढवीत आलो. त्याने आपल्याला टिकवले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. तथापि, आयुष्यभर कचेरीत कन्नडमध्ये टिपणे लिहिलेल्या मला, नातीने घरात कन्नड कविता म्हटली तेव्हा शाबासकी देता आली नाही. पोर हिरमुसली. त्या क्षणी मराठीचे कोणते रक्षण झाले?

माझ्या मते भाषा ही कासवाची पाठ आहे, अस्थी आहे. ती कोणी सोडावयास सांगू नये आणि आपणही सोडू नये. न्यायाची मागणीही सोडण्याचे कारण नाही. संशय आणि दुरावा हे मात्र खेकड्याचे कवच. ते टाकताना काही काळ उघडे पडावे लागते, ही भीती खरी आहे. खेकड्याला ते निसर्ग करावयास लावतो. माणसाला मात्र स्वतः ठरवावे लागते, आणि नीतीचा प्रश्न तेथेच सुरू होतो.

नातीला ती कविता पुन्हा म्हणावयास सांगितली आहे. ती अजून तयार झालेली नाही.